ध्रुवपद उचलणारे आवाज

तुकारामांचा कोणताही एक अभंग घ्या. पहाटे गावातल्या विठ्ठलमंदिरात काकड्याला तो म्हटला जातो तेव्हा चाल संथ असते, म्हणणारे पंधरा-वीस जण असतात आणि ऐकायला म्हणून वेगळे कोणी बसलेले नसते. तोच अभंग रात्री कीर्तनाला घेतला की त्याच्या चार-पाच चरणांवर दोन तास निरूपण चालते. सिंधुदुर्गातल्या डबलबारीत एखादा बुवा पेटीवर सूर धरून तो असा रंगवतो की समोरच्या बुवाला त्याच तोडीचे उत्तर द्यावेच लागते. नाट्यगृहात एखादा ख्यालगायक मैफलीच्या शेवटी तो भैरवीत गातो आणि लोक तल्लीन होऊन ऐकतात. शब्द एकच आहेत. तरी या चार ठिकाणी घडते ते एक नाही, हे ऐकणाऱ्या कोणालाही कळते. मग प्रकार बदलला तो कशाने?

पुढची सगळी पाने या प्रश्नाभोवती आहेत. माझे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. भक्तिगायनाचा प्रकार रागावरून किंवा वृत्तावरून ठरण्याच्या आधी तो कोणत्या वेळी, कोणी आणि कोणाच्या साथीने म्हणायचा यावरून ठरतो. या तिन्हींत सर्वांत कमी दखल घेतली गेली ती साथीची. बुवांची नावे राहतात, संतांची चरित्रे लिहिली जातात, पण बुवांच्या मागे टाळ घेऊन उभा राहणारा, ध्रुवपद नेमक्या जागी उचलणारा माणूस कुठल्याच ग्रंथात सापडत नाही. तो नसला तर भजन उभेच राहत नाही.

भक्तिगीतांचे प्रकार म्हणून जी यादी सहसा दिली जाते तिच्यात या दुर्लक्षाचे मूळ आहे. ओवी आणि अभंग ही रचनेची नावे. भजन, कीर्तन, जागर, गोंधळ ही प्रसंगाची. काकडा, धुपारती, शेजारती ही वेळेची. वासुदेव, जोहार, पांगुळ, गौळण यांत तर गाणाऱ्याने घ्यायचे सोंगच सांगितलेले असते. हे सगळे एका रांगेत मांडले की वाचणाऱ्याला वाटते, ही एकाच जातीची दहा-बारा गाणी असावीत. प्रत्यक्षात एकाच रात्री, एकाच मांडवात ही सगळी नावे एकमेकांत गुंफलेली असतात. अभंग म्हटला जातो, तो भजनात असतो, भजन काकड्याचे असते आणि काकड्यात मध्येच वासुदेव येतो. डॉ. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी मांडताना भक्तिसंगीताला लोकसंगीत आणि कलासंगीत यांच्यापासून वेगळी कोटी मानले, त्याचे मोल मला फार वाटते. भजनाला अर्धवट शास्त्रीय गाणे समजून मोजणारे आणि लोकगीताची सुधारलेली आवृत्ती समजून कौतुक करणारे, दोघांच्याही मापाने ते तोकडे पडते. त्याला स्वतःचे माप आहे.

क्षेत्र मोठे आहे. बंगालचे पदावली कीर्तन, व्रजातले हवेली संगीत, नरसी मेहतांची प्रभातिये, तमिळनाडूतले तेवारम्, कन्नड हरिदासांची पदे ही प्रत्येकी स्वतंत्र ग्रंथाची धनी आहेत. मी मराठी मुलखात आणि त्यातही बहुतांशी वारकरी परंपरेत राहिलो आहे, कारण ध्रुवपद उचलण्याची शिस्त तिथे सर्वांत स्पष्ट दिसते.

अभंगाची घडणच या शिस्तीला सोयीची आहे. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार असतात, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांना यमक असते. लहान अभंगात साधारण आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. लघुगुरूचा हिशेब नाही, अक्षरे तेवढी मोजायची. त्यामुळे कोणते अक्षर किती ताणायचे हे चाल ठरवते, व्याकरण ठरवत नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा. त्यात मोठ्या अभंगाचा शेवटचा चार अक्षरी चरण गाताना लांबतो, आणि त्या मोकळ्या जागेत मृदंग उठाण घेतो, टाळकरी दम घेतात, पुन्हा ध्रुवपदावर येतात. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, ज्याने गाणे कधी शिकले नाही, तोही तिसऱ्या फेरीला बरोबर येतो. शेतकरी, शिंपी, माळी, सोनार, कुंभार, महार अशा साऱ्या जातींतून संत झाले आणि त्यांची रचना याच दोन साच्यांत बसली, हा योगायोग नसावा असे मला वाटते.

याच्या आधीची ओवी बायकांची, जात्यावरची. तिच्यातही साथ असते. जात्याच्या एकाच खुंट्याला दोघींचे हात, एकीने पहिली ओळ सांगायची आणि दुसरीने ती पुढे न्यायची. जनाबाईच्या नावाने चालत आलेल्या रचनांत विठ्ठल दळायला येतो, म्हणजे देवालाही त्या साथीच्या जागी बसवलेले आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. गावात पिठाची गिरणी आली, पहाटेचे दळण थांबले आणि ओव्या म्हणायची वेळच उरली नाही. ओव्या विसरल्या गेल्या त्या कंटाळ्याने नाही. त्यांचा प्रहर गेला. वेळेला बांधलेल्या गाण्याचे असेच होते.

म्हणून भक्तिगायन समजून घ्यायचे असेल तर एक अखंड हरिनाम सप्ताह पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहावा. सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही. गावातल्या माणसांचे पहारे लावलेले असतात. एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर ती जाते, देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि नाम चालू राहते. रात्री तीन वाजता पहाऱ्याला उभा असलेला माणूस मोठा गवई नसतो. बहुतेक वेळा त्याला सूरही फारसा नसतो. वीणा मात्र त्याच्या खांद्यावर असते आणि तेवढा वेळ सगळा सप्ताह त्याच्यावर उभा असतो.

पहाटे काकडा. मंगलाचरण होते, भूपाळ्या होतात, देवाला जागे करण्याचे अभंग होतात. मग वासुदेव येतो, आंधळा येतो, पांगुळ येतो, जोगी येतो. ही सगळी पूर्वी पहाटे दारावर येणारी माणसे. त्यांच्या तोंडून संतांनी परमार्थ सांगितला आणि तो काकड्याच्या क्रमात बसला, कारण तीच त्यांची यायची वेळ होती. उजाडता उजाडता गौळणी सुरू होतात, तेव्हा बाहेर खरोखरच दूध काढण्याची वेळ झालेली असते. आश्विनातल्या कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत कितीतरी गावांत हा काकडा महिनाभर रोज चालतो. थंडी असते, सुगी चालू असते, तरी माणसे येतात. कोणता अभंग कशानंतर हे तिथे कागद बघून कोणी ठरवत नाही.

सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथ्यावरचे भजन, संध्याकाळी प्रवचन आणि मग हरिपाठ. हरिपाठ हा मला या साऱ्यांत सर्वांत देखणा प्रकार वाटतो. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, टाळ हातात असतात, एका रांगेने म्हटलेला चरण दुसरी रांग घेते आणि पावली सुरू होते. पुढे जायचे, मागे यायचे, वळायचे, बसायचे, उठायचे. टाळ, पाय आणि शब्द एका ठिकाणी यावे लागतात. एकट्या माणसाला हरिपाठ म्हणता येतो, आणि घरोघरी दिवेलागणीला तो म्हटला जातोच, पण मांडवातल्या हरिपाठात जे घडते ते दुसरी रांग असल्याशिवाय घडत नाही.

रात्री कीर्तन. वारकरी कीर्तनकार ज्या जागी उभा राहतो तिला नारदाची गादी म्हणतात. त्याच्यामागे अर्धवर्तुळात टाळकरी, बाजूला मृदंगाचार्य आणि गायक, शिवाय विणेकरी. कीर्तनकाराने सेवेला एकच अभंग घ्यायचा आणि शेवटपर्यंत त्याला धरून राहायचे. गोष्टी सांगायच्या त्या त्या अभंगाच्या आधाराने. प्रत्येक मुद्द्याला संतवचनाचे प्रमाण द्यायचे. आणि इथे मागे उभे असलेल्यांची खरी परीक्षा असते. कीर्तनकार प्रमाणाचे पहिले दोन-तीन शब्द उच्चारतो, कधी तर निम्म्यातच सोडतो, आणि मागच्यांनी ते ओळखून तत्क्षणी चालीवर उचलायचे असते. गाथा, ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत यांतले वचन कुठून कधी येईल सांगता येत नाही. उचलले गेले की निरूपणाला जोर चढतो, कीर्तनकार पुढच्या पायरीवर जातो. अडखळले की सगळी सभा खाली येते. श्रोत्यांना दिसतो एक बोलणारा. प्रत्यक्षात मागच्या वीस जणांचे पाठांतर त्याच्या बोलण्याला तोलून धरत असते.

हे पाठांतर आपोआप येत नाही. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, ती याच गरजेतून. चार वर्षांच्या शिक्षणात मुले ग्रंथ पाठ करतात, अर्थ शिकतात, टाळ-मृदंग शिकतात. सोनोपंत दांडेकरांसारखे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जोगमहाराजांचे शिष्य होते आणि आयुष्यभर कीर्तन-प्रवचन करत राहिले. आज गावोगावच्या सप्ताहांत उभे राहणारे कितीतरी कीर्तनकार या परंपरेतून आलेले आहेत. कीर्तनाची बिदागी ज्या वेगाने वाढत चालली आहे ते मात्र मला योग्य वाटत नाही. जिथे कीर्तन करावे तिथले अन्न-धन घेऊ नये, असा दंडक तुकारामांनी घालून दिला होता. तो तंतोतंत पाळणे आजच्या काळात कठीण आहे हे मान्य करूनही म्हणतो, की नावाजलेल्या कीर्तनकाराच्या तारखेसाठी गाव कर्ज काढते आणि टाळकऱ्यांच्या जेवणाची आबाळ होते, तेव्हा कीर्तनाची बैठकच कलते.

नारदीय कीर्तनाची रीत निराळी. पूर्वरंगात नमन, मूळ पद आणि त्यावरचे निरूपण, मध्ये नामाचा गजर, कीर्तनकाराला हार आणि बुक्का, मग उत्तररंगात आख्यान. तबला-पेटीची साथ, हातात चिपळ्या किंवा झांज, साकी, दिंडी, कटाव असे नाना छंद. इथे गाण्याचा भार एकट्या हरिदासावर असतो. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात कीर्तनभक्तीवर एक पूर्ण समास दिला, तो वाचताना जाणवते की त्यांच्या नजरेपुढचा कीर्तनकार बहुश्रुत, संगीत जाणणारा, सभा जिंकणारा आहे. हीच परंपरा तंजावरच्या मराठी राज्यातून दक्षिणेत रुजली. एकोणिसाव्या शतकात तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाची पद्धत उचलली, आणि तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे छंद त्याच नावांनी आजही गायले जातात. दक्षिणेकडच्या भजनसंप्रदायातही मराठी अभंग क्रमाने येतात. मराठी न येणारी माणसे ते तोंडपाठ म्हणतात.

गाडगेमहाराजांनी तर साथीची कल्पनाच पालटली. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. त्यांचे टाळकरी म्हणजे समोर बसलेला सारा समाज. ते प्रश्न विचारत, लोक उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. १९५६ साली बांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात लोकांचे होकार ऐकू येतात. ते वगळून नुसते महाराजांचे शब्द छापले तर निम्मे कीर्तन हरवते, आणि पुष्कळ पुस्तकांत तसेच झालेले आहे.

भारुडाबद्दल इथे थोडक्यातच, कारण त्यावर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. पैठणच्या एकनाथांनी जोगवा मागणारी, भविष्य सांगणारा जोशी, विंचू चावलेली बाई, जोहार घालणारा महार अशी रस्त्यावरची सोंगे घेतली आणि त्यांच्या तोंडी वेदान्त घातला. सोंग घेणारा एक असतो, पण त्याला हटकणारा, प्रश्न विचारणारा, 'मग पुढे काय झाले?' म्हणणारा मागे लागतो. तो चतुर असेल तर भारूड रात्रभर चालते.

वारीच्या वाटेवर हे सगळे चालत असते. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या पालखी सोहळ्याला आज दिसते ती शिस्त लावली. रथाच्या पुढे आणि मागे क्रमांकाच्या दिंड्या, प्रत्येक दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये मृदंग आणि विणेकरी, मागे तुळस आणि हंडा घेतलेल्या बाया. भजनाची मालिका ठरलेली. सकाळचे अभंग सकाळीच, वाराचे अभंग त्या त्या वारीच, हरिपाठ ठरल्या वेळी. संध्याकाळी मुक्कामावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोळा होऊन टाळ वाजवत असतात. चोपदार चोप उंच धरतो आणि क्षणात सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतले जाते, मगच आरती. हजारोंच्या समूहात आपले म्हणणे मांडण्याचा याहून सुंदर मार्ग मला ठाऊक नाही. टाळ तिथे गाण्याची साथ करत नसतो, तो बोलत असतो, आणि बाकीचे टाळ थांबलेले असतात म्हणूनच तो ऐकू येतो.

कोकणात आणि गोव्यात साथीचे रंग बदलतात. डबलबारीत दोन भजनी मंडळे आमनेसामने बसतात. स्तवन, रूपाचा अभंग, गजर, गौळण असा क्रम दोघांनीही पाळायचा आणि त्यातच एकमेकांना कोडी घालायची, उत्तरे द्यायची. मुंबईतल्या चाकरमान्यांनी ही परंपरा गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतून जपली. गोव्यात चवथीच्या आरत्या घुमट, शामेळ आणि कांसाळ्यांवर होतात. मातीच्या त्या वाद्याचा ठेका आरतीला असा झेलतो की ती अर्धा-पाऊण तास संपत नाही. २०१९ मध्ये गोव्याने घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान्यता दिली. घोरपडीच्या कातड्याऐवजी बोकडाचे कातडे आले तरी वाद्य टिकले, कारण आरती टिकली.

आता मैफलीविषयी. विसाव्या शतकात अभंगाने सभागृहात प्रवेश केला आणि त्याला नवा श्रोता मिळाला. बालगंधर्वांनी 'संत कान्होपात्रा' नाटकात भक्तिपदे गायली. १९३६ च्या प्रभातच्या 'संत तुकाराम' चित्रपटात विष्णुपंत पागनीसांच्या तोंडी असलेले एक गीत शांताराम आठवल्यांनी लिहिलेले होते, पण ते इतके अभंगाच्या वळणाचे होते की पुष्कळांनी ते तुकारामांचेच मानले. पुढे राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांनी दिलेल्या चाली भीमसेन जोशींच्या गळ्यातून घराघरांत पोचल्या. या गाण्याला कमी लेखण्याचे मला काही कारण दिसत नाही. ज्यांनी कधी काकडा ऐकला नाही अशा शहरी माणसांना ज्ञानदेव-तुकाराम या वाटेने भेटले. तरीही ध्वनिमुद्रिकेत एक गोष्ट अपरिहार्यपणे बदलली. ध्रुवपद गायकाकडेच राहिले. ऐकणाऱ्याला उचलायला काही उरले नाही. तो श्रोता झाला.

आणि त्याचा परिणाम गावात परत आला. बुवा ध्वनिमुद्रिकेतली चाल बसवू लागले. ती तानेची, हरकतींची, एका तयार गळ्यासाठी केलेली. मागचे टाळकरी ती उचलू शकत नाहीत, म्हणून ते नुसता ठेका धरतात. ध्वनिवर्धक फक्त बुवांपुढे, त्यामुळे मागचा आवाज मांडवात पोचतही नाही. आधी टाळकरी ऐकू येईनासा होतो आणि मग तो म्हणेनासा होतो. जुन्या सांप्रदायिक चाली मुद्दाम सोप्या ठेवलेल्या होत्या. त्यांत गरिबी नव्हती, वीस माणसांची सोय होती.

दुसरीकडे काही ठिकाणी नवे आवाज येत आहेत. महिला भजनी मंडळे शहरांत आणि गावांत वाढली. बायका टाळ-मृदंग शिकतात, नारदाच्या गादीवर उभ्या राहतात. त्यांच्या पट्टीला जुन्या चाली वेगळ्या लागतात आणि त्यासाठी त्यांनी स्वतः केलेले बदल ऐकण्यासारखे आहेत. पुढील एक प्रकरण त्यावर आहे.

या पुस्तकातली मांडणी रचनेप्रमाणे न करता प्रहराप्रमाणे केली आहे. पहाटेच्या काकड्यापासून सुरुवात होते आणि सप्ताहाच्या शेवटच्या दिवशीच्या काल्याच्या कीर्तनावर पुस्तक संपते. जिथे स्वरलेखन दिले आहे तिथे बुवांची ओळ आणि टाळकऱ्यांची ओळ वेगळी छापली आहे, आणि ध्रुवपद कोणत्या मात्रेवर उचलायचे ती जागा खुणेने दाखवली आहे. एकाच अभंगाच्या दोन गावांतल्या चाली वेगळ्या असल्या तर दोन्ही दिल्या आहेत. त्यांतली शुद्ध कोणती हे ठरवण्याचा प्रयत्न केलेला नाही. ज्यांच्या गावात काकडा अजून चालतो त्यांनी आधी तिथल्या जुन्या टाळकऱ्याच्या शेजारी उभे राहून चाल शिकून घ्यावी आणि मग हे पान तिच्याशी ताडून पाहावे. फरक आढळला तर टाळकऱ्याचे बरोबर धरावे आणि समासात तसे लिहून ठेवावे.